माया

गिऱ्हाइकाच्या मांडीशी टेप धरून
तीस वर्षं मी एकच प्रश्न विचारतो,
"साहेब, डावीकडे ठेवता की उजवीकडे?"
न्यायाधीश असो, पाद्री असो,
सगळे आरशाकडे बघून उत्तर देतात
आणि मी वहीत एक अक्षर लिहितो.
त्या बाजूला अर्धा बोट कापड जास्त.
कोइंब्राच्या चढाच्या गल्लीत
एवढ्या पुरुषांची गुपितं माझ्यापाशी,
माझं मात्र कुणापाशी नव्हतं.

लोकरी कापड पाण्यात पडलं की
न विचारता आटतं, तसं झालं.
आधी मागे सरताना कुरकुर,
मग चिरा, मग आग,
मग काजाएवढं तोंड आणि
भलतीकडे शिंपडणारी धार.
मी बसून लघवी करू लागलो.
देओलिंदानं विचारलं, बसून का?
म्हटलं, पाठ.
रात्री ती जवळ सरकली. म्हटलं, पाठ.
दोन वर्षं माझी पाठ
घरातली सगळ्यात आजारी वस्तू होती.
ती तेल गरम करून चोळायची,
निरोगी पाठीला.

रक्त तपासलं ते डोळ्यांसाठी. साखर निघाली.
नर्स म्हणाली, "आणखी कुठे त्रास, अबीलिऊ?"
मी भिंतीवर आरसा शोधला.
आरसा नव्हता.

सहा आठवडे मलम. उपयोग शून्य.
मग सर्जन, डॉक्टर कितेरिया,
हातमोजे चढवता चढवता म्हणाली,
"ओळखलं नाहीत? पहिल्या वर्षाचा माझा काळा झगा
तुम्ही शिवलात. खांद्यात आखूड झाला, मी रडले,
तुम्ही रात्रीत उसवून सैल करून दिलात."
आत माया सोडली होती, म्हटलं, म्हणून जमलं.
"इथे माया उरली नाही," ती म्हणाली,
"नुसती चीर देऊन भागणार नाही, कड निबर झालीय.
पूर्ण काढू."
निबर किनारीला ठिगळ कोण लावतं? म्हटलं, काढा.

त्या रात्री जेवणानंतर सांगितलं.
पाठ नव्हती, देओलिंदा.
ती आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.
भांडी मात्र सगळी आधीच घासलेली.
परत आली, हात कोरडे,
"दोन वर्षं मला वाटत होतं, मी म्हातारी झाले."
एवढंच.
माझ्या अख्ख्या दुकानात
ते वाक्य उसवायला कात्री नाही.

सुई टोचली, मग नुसती ओढ जाणवत राहिली,
दुखणं कुठे तरी पडद्यापलीकडे.
जांभळ्या पेननं तिनं रेघ आखली,
माझा खडू आठवला.
टाक्यागणिक कात्रीची टिचकी, मी मोजत होतो.
बावीस.
"हे काढायचे नाहीत, आपोआप विरघळतात."
काम संपलं की निघून जाणारा दोरा!
जन्मभर दोरा विकत घेतला,
असा कुणी दाखवला नव्हता.

पंधरा दिवस सूज, व्हॅसलीनची पट्टी,
आणि इतरांच्या विजारींनी भरलेल्या घरात
मला चढेल अशी एक नाही.
देओलिंदानं तिचा जुना गाऊन दिला,
त्यावर पिवळी लिंबं.
लिंबं घालून मी मशीनवर बसलो.
ती दारातून बघून हसली,
किती दिवसांनी,
आणि हसता हसता दाराला टेकली.

एकोणिसाव्या दिवशी पट्टीत
दोऱ्याचा एक तुकडा सापडला, केसाएवढा.
खिडकीपाशी धरून बघितला.
टाचण्यांच्या डबीत ठेवलाय.
तिला सांगितलं नाही, हसेल.

काल एक पोरगा आला, लग्नाचा सूट.
टेप लावली, प्रश्न विचारला.
तो आरशाकडे बघेना, जमिनीकडे बघेना,
कानापर्यंत लाल झाला
आणि म्हणाला, कुठेही, फक्त सैल ठेवा. खूप सैल.
मी टेप गुंडाळली.
दार लोटलं, पाटी उलटी केली.
बस, म्हटलं,
कापडाचं नंतर बघू.